कामाचं बोला : तुमच्या चार्जमध्ये काय होतं?

या वेळची पाच पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवली. विषय फौजेतून घरी परतलेल्या माणसांच्या नोकरीचा. साताऱ्यात बसून हे सदर लिहायचं म्हटल्यावर कधीतरी हे व्हायचंच होतं. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. मी स्वतः इथल्या एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या कर्मचारी विभागात २६ वर्षं काढली. त्यात माजी सैनिक घेतले, काही चांगले निवडले, एकाच्या बाबतीत तर चक्क चुकले. तेही खाली येईलच.

प्रश्न : माझा दूध वाहतुकीचा धंदा आहे. १४ टेम्पो, ३ टँकर. गाड्यांवर देखरेख करायला माणूस हवा म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगून ठेवलं होतं. एक बायोडेटा आला : ‘हवालदार, ट्रेड ड्रायव्हर एमटी, सेवा २४ वर्षे, शेप-१, कॅरॅक्टर एक्झम्प्लरी.’ बाकी पानभर आद्याक्षरं. मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. काहीही विचारलं की ‘हो, केलंय’ एवढंच उत्तर. भाचा म्हणतो, मामा, हवालदार आहे तो, सुपरवायझर कसा होईल? काय करू? – एक वाहतूकदार, फलटण

उत्तर : आधी भाच्याची समजूत काढू. आपल्याकडे हवालदार म्हटलं की चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस डोळ्यांपुढे येतो. फौजेतला हवालदार निराळा. शिपाई, लान्स नायक, नायक अशा पायऱ्या चढून, प्रत्येक पायरीला परीक्षा देऊन माणूस तिथे पोचतो. पायदळात दहा माणसांचं सेक्शन त्याच्या हाताखाली असतं. तुमच्या उमेदवाराच्या हाताखाली बहुधा गाड्या आणि ड्रायव्हर असणार, म्हणजे तुम्हाला जे हवंय नेमकं तेच.

आता आद्याक्षरं. एमटी म्हणजे मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, गाड्यांचा विभाग. शेप-१ ही वैद्यकीय श्रेणी : मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे, पाचही बाबतींत पहिला नंबर. (कोणाची श्रेणी खाली असली म्हणून दचकू नका. उंच डोंगरावर पाठवता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि फलटणला तसा डोंगर नाही.) ‘एक्झम्प्लरी’ हा डिस्चार्ज बुकातला वर्तणुकीचा सर्वांत वरचा शेरा. मूळ पुस्तक बघायला मागा. ते प्रत्येकाकडे असतं आणि दाखवायला कोणी नाही म्हणत नाही.

‘हो, केलंय’ या उत्तरावर मात्र नापास करू नका. या लोकांना ‘मी’ म्हणायची सवयच नसते. चोवीस वर्षं ‘आमची डिटेल लागली’, ‘आमच्या युनिटनं केलं’ असंच बोलण्यात गेलेली असतात. स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याला तिथं चेष्टेनं घेतात. आपल्याकडे मुलाखतीला बसणारी पोरं एका एक्सेल शीटवर पंधरा मिनिटं बोलतात, आणि हा माणूस बर्फातून गाड्यांचा ताफा काढून ‘ड्यूटी होती’ म्हणून गप्प बसतो.

म्हणून प्रश्न बदला. त्याला विचारा : तुमच्या चार्जमध्ये काय होतं?

हा शब्द त्याच्या रक्तात आहे. फौजेत माणूस बदलला की चार्ज दिला-घेतला जातो. वस्तू मोजतात, वही जुळवतात, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. सही झाली की त्या घटकेपासून हरवलेला पानाही नव्या माणसाच्या नावावर. तेव्हा विचारा, किती गाड्या होत्या? कोणत्या? वहीवर सही कोणाची असायची? डिझेल कमी भरलं तर साहेब कोणाला बोलवायचे? बघा, गडी बोलायला लागतो की नाही.

आणि दुसऱ्या मुलाखतीला टेबल-खुर्ची नकोच. सकाळी साडेपाचला तुमच्या यार्डात बोलवा, एका टेम्पोची किल्ली हातात द्या आणि म्हणा, ‘फर्स्ट परेड करून दाखवा.’ हा शब्द ऐकूनच चेहरा उजळेल. इंजिन सुरू करण्याआधी ऑइल, पाणी, हवा, बॅटरी, चाकांचे नट, गाडीखाली कुठे तेलाचा थेंब पडलाय का, असं सगळं ठरलेल्या क्रमानं बघणं म्हणजे फर्स्ट परेड. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड. परत आल्यावर लास्ट परेड : टाकी भरायची, गाडी धुवायची, बिघाड असेल तर तेव्हाच लिहायचा, उद्यावर ढकलायचा नाही. तुमच्या ड्रायव्हरांनी यातलं निम्मं जरी रोज केलं, तरी उन्हाळ्यात रस्त्यात टँकर बंद पडून दूध नासण्याचे प्रकार किती कमी होतील, ते तुम्हीच सांगा.

काय येणार नाही तेही ऐकून ठेवा. ई-वे बिल, फास्टॅगचा हिशेब, गॅरेजवाल्याशी घासाघीस, हे त्याने कधी केलेलं नसणार. तिथे सुटे भाग मागणीपत्रावर येतात, भाव कोणी करत नाही. पहिले तीन महिने तुमच्या मुनिमाशेजारी बसवा. आणखी एक अडचण माणसांची. तिथे ड्रायव्हर न सांगता गायब झाला की गुन्हा दाखल होतो. इथे तो फोन बंद करून चुलत्याच्या जत्रेला गेलेला असतो. याचा धक्का त्याला पहिल्याच महिन्यात बसेल. आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : माझे पती पायदळात नायक आहेत. १७ वर्षं झाली, आठ महिन्यांनी घरी येतील. वय ३७. गावात सगळे म्हणतात, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, दुसरं काय. ते मेकॅनिक नाहीत, क्लर्क नाहीत, जीडी आहेत. बायोडेटात लिहायला काही नाही असं ते स्वतःच म्हणतात. दोन मुलं शिकतायत. – एक वाचक, कोरेगाव तालुका

उत्तर : ताई, माझी चूक सांगते म्हणाले ना, ती जीडीचीच.

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी. २००३ साली आमच्या कंपनीत एक माजी हवालदार अर्ज घेऊन आले. मी ‘जीडी’ वाचलं आणि ठरवून टाकलं की याचा अर्थ ‘विशेष काही नाही’. गेटवर नेमलं. दोन वर्षं ते गेटवर होते. कडक इस्त्री, वेळेवर हजर, तक्रार शून्य, आणि मी खूश.

त्या काळात आमच्या टूल रूमला एक जुनी खोड होती. मिलिंग कटरला लागणारे कार्बाइड इन्सर्ट, नखाएवढा तुकडा पण महाग, दर महिन्याला तीस-चाळीस कमी भरायचे. चोरी म्हणावी तर पुरावा नाही. एका संध्याकाळी मी गेटच्या रजिस्टरवर सही करत होते, तर हवालदार हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, इथं टूल रूमची रोज मोजणी होत नाही वाटतं?’’ म्हटलं, तुम्हाला काय माहीत? म्हणाले, ‘‘पोरांच्या खिशात वाजतात ना. आमच्या कोतमध्ये असं चालायचं नाही.’’

कोत म्हणजे शस्त्रागार. हा माणूस चार वर्षं फौजेतल्या एका कंपनीचा, म्हणजे तुकडीचा, कोत एनसीओ होता, शस्त्रागार सांभाळणारा. शंभरावर रायफली, त्यांचे सुटे भाग, दुर्बिणी. सकाळी द्यायचं, संध्याकाळी घ्यायचं, नंबर जुळवायचा, सही. एक नग कमी भरला तर तो मिळेपर्यंत कोणी जेवायला जात नाही. चार वर्षांत एकदाही कमी भरलं नव्हतं. आणि हे सगळं दोन वर्षं माझ्या गेटवर उभं होतं!

पुढच्या आठवड्यात त्यांना टूल रूमला हलवलं. त्यांनी कोणाला चोर म्हटलं नाही. जुना इन्सर्ट दिल्याशिवाय नवा द्यायचा नाही आणि शिफ्ट संपली की मोजल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, एवढंच सुरू केलं. पहिला पंधरवडा पोरांनी शिव्या दिल्या. मार्चच्या स्टॉकला दोन कमी भरले, आणि ते दोन कुठे गेले हेही हवालदारांच्या वहीत होतं. पगार वाढला, पण दोन वर्षांचं नुकसान मी केलं ते केलंच. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

आता तुमच्या पतींकडे वळू. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की मागची दोन वर्षं ते ट्रेनिंग सेंटरला ‘उस्ताद’, म्हणजे शिकवणारे, आहेत आणि त्याआधी एक वर्ष लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, बघायचे. अहो, आणि लिहायला काही नाही? दोनशे पानी वही आणा. ते सुटीवर आले की संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि एकेका वर्षाचं विचारून लिहून काढा : त्या वर्षी हाताखाली किती माणसं, चार्जमध्ये काय, कोणता कोर्स, काय बिघडलं आणि कसं निस्तरलं. जागेचं नाव, मोहीम, हत्यारांचे आकडे यातलं काहीही लिहायचं नाही. त्याची गरजही नाही.

मग ‘नायक (जीडी), १७ वर्षे’ या ओळीच्या जागी असं काहीतरी होईल : ‘दोन वर्षे नवभरतीच्या तरुणांना प्रशिक्षण दिले, रोजचा पाठ, सराव, चाचणी आणि मागे पडलेल्यांची वेगळी तयारी ही जबाबदारी. एक वर्ष शंभर माणसांच्या रोजच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था. शिध्याची मागणी, साठा, स्वच्छता आणि हिशेब.’ आकडे त्यांनी सांगितलेले खरे घाला, माझे उदाहरणादाखल आहेत. यातलं पहिलं वाक्य वाचलं की कारखान्याला नव्या कामगारांना सुरक्षिततेचे धडे देणारा माणूस दिसतो, दुसरं वाचलं की वसतिगृहाला मेस बघणारा. बंदूक कुठेच आली नाही.

आठ महिने हातात आहेत, ते वाया घालवू नका. पुनर्वसन महासंचालनालय, फौजेत सगळे डीजीआर म्हणतात, निवृत्तीच्या आधी कोर्स देतं. जवान आणि जेसीओंची (सुभेदार वगैरेंची) फी सरकार भरतं. कोर्स निवडताना मित्र कुठे चाललाय ते बघू नका, वहीत काय निघालं ते बघा. आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, सत्यनारायण नंतर घाला.

सरकारी नोकरीचंही बघाच. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के, सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत गट क ला १४.५ टक्के जागा राखीव असतात, आपल्या राज्यात १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट : दहावी झालेला आणि १५ वर्षं सेवा केलेला माजी सैनिक केंद्राच्या अशा गट क पदांना पात्र धरला जातो जिथे पदवी मागितलेली असते, मात्र काम तांत्रिक नसावं. पण परीक्षा ती परीक्षाच. सतरा वर्षांनी गणिताचं पुस्तक उघडायचं तर आजपासून उघडायला सांगा.

बँकेच्या दारातली नोकरी वाईट नाही, हेही लिहून ठेवते. काहींना तीच हवी असते. आठ तास, घराजवळ, शेताकडे बघता येतं. ती स्वतःहून निवडली तर काही बोलायचं नाही. दुसरं येत नाही म्हणून घेतली तर मात्र माझ्या गेटवरचे हवालदार आठवा.

प्रश्न : आमची फौंड्री आहे. एक निवृत्त सुभेदार शॉप सुपरवायझर म्हणून घेतले. माणूस सोन्यासारखा, पण कंत्राटी पोरं म्हणतात फार ओरडतात. उलट माझ्याकडे मात्र प्रत्येक बारीक गोष्टीला ‘सर, ऑर्डर?’ म्हणून येतात. हल्ली गप्प गप्पही असतात. – एक कारखानदार, शिरोली

उत्तर : शेवटचं वाक्य आधी घेते. तुमचे तरुण इंजिनिअर त्यांना काय म्हणून हाक मारतात? माझा अंदाज, ‘ओ काका’. सुभेदार हा जेसीओ. अधिकारी आणि जवान यांच्यामधला हा थर, आणि तिथे कर्नलसुद्धा त्यांना ‘साहब’ म्हणतो. पंचवीस-तीस वर्षांनी मिळवलेला तो शब्द तुमच्याकडे आल्यावर एका दिवसात गेला. पगारवाढीआधी तो परत द्या. ‘सुभेदार साहेब’, सगळ्यांनी, तुमच्यापासून सुरुवात करून. फुकट आहे.

‘ऑर्डर?’ विचारतात याचं कारण, तुम्ही काम अर्धं सांगता. राग नको, आपण सगळेच तसं सांगतो : ‘जरा ते पॅटर्न शॉपचं बघा हो.’ फौजेत काम सांगताना काय करायचं, कशासाठी, कधीपर्यंत, कोण बरोबर, हे सांगतात आणि शेवटी विचारतात, ‘कोई शक?’ तुम्हीही तेच विचारा. आणि कोणत्या गोष्टीला तुम्हाला विचारायचं नाही, त्याची यादी एकदा कागदावर द्या : एवढ्या रुपयांपर्यंतची खरेदी, ओव्हरटाइम, रजा. कागद हातात आला की हा माणूस तुमच्या दारात पुन्हा दिसणार नाही.

ओरडण्याबद्दल त्यांना एकट्याला बसवून सांगा, पोरांसमोर नको. कंत्राटी पोरगं पाचशे रुपये जास्त मिळाले की उद्या शेजारच्या शेडमध्ये जातं. त्याला रोखायला इथे कुठला आर्मी ॲक्ट नाही. त्यांनी नव्या पोरांना घडवलेलंच आहे, त्यामुळे ओरडण्यापलीकडचे मार्ग त्यांना माहीत असतात. आणि हो, प्रॉडक्शनचा साहेब एक सांगतो, क्वालिटीचा दुसरं, असं तुमच्याकडे चालत असेल तर ते आधी बंद करा. एका माणसाला एकच साहेब.

प्रश्न : पेन्शन मिळतेच, मग माजी सैनिकाला थोडा कमी पगार दिला तर काय बिघडलं? कँटीनही आहे त्यांना. – एक व्यावसायिक, पुणे

उत्तर : तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला घरभाडं येतं म्हणून त्याचा पगार कापता का? पेन्शन मागच्या नोकरीची, पगार या नोकरीचा. किमान वेतनातून पेन्शन वजा करायची सोय कायद्यात नाही. तुमच्यासारख्यांमुळेच सोळा तासांच्या ड्यूट्या ‘फौजी आहे, करेल’ म्हणून लावल्या जातात. पुढचं पत्र.

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे, चार वर्षं पुढल्या वर्षी संपतील. तेव्हा तो तेवीस वर्षांचा असेल. त्याला ठेवून घेतलं नाही तर? – एक वडील, शिरोळ तालुका

उत्तर : काळजी रास्त आहे. २०२२ साली योजना आली तेव्हाच ठरलं होतं की चौघांतला जास्तीत जास्त एक जण कायम होईल. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे वर सांगितलेली माजी सैनिकांची आरक्षणं तुमच्या मुलाच्या हिशेबात धरू नका. त्याच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागांची वेगळी वाट आहे.

जमेची बाजू वय. सदतिसाव्या वर्षी जे जड जातं ते तेविसाव्या वर्षी जात नाही. दहावीवर गेला असेल तर बारावीची सोय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेकडे आहे. शेवटच्या वर्षात ती पुरी होतेय ना, ते फोनवर विचारा. बाहेर पडताना कौशल्य प्रमाणपत्र मिळेल. त्यावर कोणत्या कामाचं नाव पडतंय ते त्याने आधी बघून घ्यावं. चार वर्षांत सिग्नलचे (वायरलेसचे) सेट दुरुस्त केले आणि कागदावर नुसतं ‘जीडी’ आलं, तर पुढे माझ्यासारखी एखादी बाई त्याला गेटवर उभं करील.

सेवानिधीचे साडेअकरा लाखांच्या वर पैसे एकदम हातात येतील. गावात त्याच आठवड्यात गाडीचे एजंट आणि पाहुणे दोन्ही येतात. ते पैसे सहा महिने ठेवीत ठेवा. आणि कोरेगावच्या ताईंना सांगितलेली वही तुम्हीही आणा. पुढच्या सुटीत त्याला पहिल्या संध्याकाळी बसवा, मित्र बोलवायला यायच्या आत.